लाल भोपळा उकडून पाणी फेकू नका. भाजून खा, सत्त्व पानात राहील

थंडी पडायला लागली की आठवडी बाजारात लाल भोपळ्याचे ढीग दिसू लागतात. पावसाळ्याच्या तोंडाला बांधावर, मक्याच्या कडेला नाहीतर उकिरड्याशेजारी चार बिया टाकलेल्या असतात. त्याकडे कुणी फारसं बघत नाही. वेल आपला आपण पसरतो आणि दिवाळीच्या आगेमागे एकेक फळ चार-पाच किलोचं होऊन बसतं. घरात खाणारी माणसं चार. मग एक खाप शेजारी जाते, एक पाहुण्यांकडे आणि उरलेला भोपळा जनावरांपुढे. ज्यांनी विकायला म्हणून लावला, त्यांचंही भाव पडले की गाडीभाडं सुटत नाही आणि फळं वावरातच राहतात.

त्याच दिवसांत आशाताई लहान मुलांच्या घरी 'अ' जीवनसत्त्वाच्या डोसची आठवण करून देत फिरत असतात. हा डोस मूल नऊ महिन्यांचं झाल्यापासून पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी द्यायचा असतो. तो ज्या कमतरतेसाठी दिला जातो, तीच कमतरता भरून काढणारी वस्तू दाराशी पडलेली असते. डोस बंद करून भोपळा खावा, असा याचा अर्थ नाही. डोस घ्यायचाच. पण दोन डोसांच्या मधले सहा महिने मुलाच्या ताटात काय पडतं, हा प्रश्न राहतोच, आणि त्याच्या उत्तरात भोपळ्याची जागा बरीच वरची आहे. तो कसा शिजवला यावर मात्र पुष्कळ अवलंबून असतं.

आधी नावाचा घोळ

एकाच फळाला गावागणिक वेगळं नाव. कुठे तांबडा भोपळा, कुठे डांगर, कुठे गंगाफळ, कुठे काशीफळ. विदर्भात याच लाल भोपळ्याला कोहळं म्हणतात आणि त्याचे बोंडं तळतात. बाकी ठिकाणी कोहळा म्हटलं की पांढरट, राखाडी सालीचा, पेठा करायचा तो. दुधी भोपळा तिसराच. नाव काहीही घ्या, पण आतला गर केशरी किंवा गडद पिवळा आहे का ते बघा. या लेखातला फायदा त्या रंगाचा आहे. पांढऱ्या कोहळ्यात किंवा दुधीत तो रंग नाही, म्हणून तो फायदाही नाही. डॉक्टरांनी किंवा आहारतज्ज्ञांनी 'भोपळा खा' असं सांगितलं असेल, तर कोणता ते तिथेच विचारून घ्यावं. घरी येऊन दुधी आणणारे खूप असतात.

दुधी आपल्याकडे फार जुना. लाल भोपळ्याचं मूळ घर मात्र अमेरिका खंड. मिरची, बटाटा, मका, टोमॅटो जसे समुद्रापलीकडून आले, तसाच हाही आला आणि इतका मुरला की उपवासालाही चालू लागला.

रंगात काय दडलंय

भोपळ्याचा केशरी रंग बीटा कॅरोटीन आणि त्याच्या भावंडांचा. गाजराचा, पिकलेल्या पपईचा, आंब्याचा रंगही याच घराण्यातला. बीटा कॅरोटीन पोटात गेलं की शरीर त्यापासून 'अ' जीवनसत्त्व तयार करतं. अंधुक उजेडात दिसण्यासाठी डोळ्याच्या पडद्याला ते लागतं. ते कमी पडलं की पहिली तक्रार बहुधा रातांधळेपणाची असते. दिवेलागणीनंतर मूल अडखळतं, समोरची वस्तू चाचपतं, अंगणात खेळायला नको म्हणतं. घरचे म्हणतात, भितं. पुढे डोळा कोरडा पडतो, पांढऱ्या भागावर फेसासारखे डाग दिसतात, आणि तरीही दुर्लक्ष झालं तर बुबुळाला जखम होऊन नजर कायमची जाऊ शकते. डोळ्यांइतकंच ते नाक, घसा, फुप्फुसं, आतडी यांच्या आतल्या अस्तरासाठीही लागतं. म्हणून ज्या मुलात ते कमी असतं, त्याला गोवर किंवा जुलाब झाले तर आजार जास्त जड जातो.

संध्याकाळनंतर मुलाला दिसत नसल्याची शंका आली, तर भोपळ्याची वाट बघत बसू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच आठवड्यात दाखवावं. तिथे औषधाचा डोस लागतो, भाजी पुरत नाही.

आता आकडे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नघटक तक्त्यात कच्च्या लाल भोपळ्याच्या १०० ग्रॅम गरात ९० ग्रॅमपेक्षा जास्त पाणीच दाखवलं आहे. उष्मांक सुमारे २६, प्रथिनं साधारण १ ग्रॅम, पिष्टमय पदार्थ ६ ते ७ ग्रॅम. 'अ' जीवनसत्त्व शरीरात तयार होईल ते सुमारे ४२५ मायक्रोग्रॅम. त्याच तक्त्यात बटरनट नावाचा लांबट भोपळा भट्टीत भाजल्यावर १०० ग्रॅममागे ४० उष्मांक, सुमारे ३ ग्रॅम तंतू आणि साधारण ५५० मायक्रोग्रॅम 'अ' जीवनसत्त्व देतो. नाव परकं वाटलं तरी आपल्याकडचा बराचसा लाल भोपळा त्याच जातकुळीतला आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशींनुसार चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला ५१० मायक्रोग्रॅम 'अ' जीवनसत्त्व लागतं, बाईमाणसाला ८४०, गरोदरपणी ९०० आणि अंगावर पाजणाऱ्या आईला ९५०. म्हणजे गडद केशरी भोपळ्याची एक वाटी भाजलेली भाजी लहान मुलाची दिवसाची गरज जवळजवळ भागवते. गर फिकट असेल तर तेवढं मिळणार नाही. पण निम्मं धरलं, तरी इतक्या स्वस्तात ते देणाऱ्या भाज्या बोटांवर मोजण्याइतक्याच. गाजर भोपळ्याच्या पुढे आहे, शेवग्याचा पालाही जोरदार आहे. पण गाजर आठवड्यात सुकतं आणि पाला दुसऱ्या दिवशी. भोपळा कोपऱ्यात महिनोन्‌महिने बसून राहतो.

भोपळ्याकडून काय मिळत नाही, तेही बोलायला हवं. त्यात प्रथिनं नगण्य. लोह थोडंसंच, त्यामुळे रक्त कमी असलेल्या मुलीला फक्त भोपळा देऊन हिमोग्लोबिन वाढणार नाही. दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतील. शरीरातलं लोह कामाला लावायला 'अ' जीवनसत्त्व मदत करतं, एवढाच त्याचा हातभार. भोपळा आणि भाकरी एवढंच जेवण अपुरं. सोबत डाळ, मटकी, दही, अंडं यांपैकी काहीतरी हवं.

उकडणं आणि भाजणं, फरक कुठे पडतो

बऱ्याच घरांत भोपळ्याचं भरीत करायचं म्हणजे फोडी पातेल्यात भरपूर पाणी घालून उकडायच्या, चाळणीत निथळायच्या आणि पाणी मोरीत. त्या पाण्याबरोबर काय गेलं? बीटा कॅरोटीन नाही, कारण ते पाण्यात विरघळत नाही. गेलं ते 'क' जीवनसत्त्व आणि पोटॅशियम. वरच्याच तक्त्यात कच्च्या भोपळ्यात १०० ग्रॅममागे सुमारे ३४० मिलिग्रॅम पोटॅशियम आहे, उकडून निथळलेल्यात ते २३० वर येतं. 'क' जीवनसत्त्व ९ मिलिग्रॅमवरून ५ च्याही खाली. चवही पाण्याबरोबर जाते आणि हाती लागतो पचपचीत लगदा. मग तो गोड लागावा म्हणून गूळ. मुलं भोपळ्याला नाक मुरडतात त्याला हा लगदाच बहुधा जास्त जबाबदार आहे.

भाजताना उलटं होतं. पाणी वाफ होऊन उडतं, पण त्यातले क्षार गरातच राहतात. गरातल्या पिठूळ भागाची काही साखर होते, कडा तांबूस होतात आणि गूळ न घालताच गोडी येते. भाजलेल्या भोपळ्याचे आकडे कच्च्यापेक्षा वाढलेले दिसतात, त्याचं मोठं कारण हेच पाणी उडून जाणं आहे. विस्तवाने काही नवीन सत्त्व आत भरलं, असं नाही. तेच सत्त्व कमी वजनात आलं. 'क' जीवनसत्त्व थोडं उष्णतेनंही जातं, मग भाजा किंवा उकडा. त्यासाठी लिंबू, पेरू, आवळा आहेतच.

शिजवल्याचा, मग तो कसाही शिजवा, आणखी एक फायदा होतो. कच्च्या भोपळ्यात बीटा कॅरोटीन पेशींच्या भिंतीत कोंडलेलं असतं. आच लागून गर मऊ झाला की ते मोकळं होतं. पण मोकळं झालं म्हणजे अंगी लागलं असं नाही. त्याला स्निग्ध पदार्थाची सोबत लागते. चमचाभर तेल, तूप, शेंगदाण्याचा कूट, खोबरं, काहीही. वजन कमी करायचं म्हणून नुसता वाफवलेला भोपळा खाणाऱ्यांना त्यातलं सगळ्यात मोलाचं असं थोडंच मिळतं.

आता घरचं भरीत आठवा. भाजलेला गर, त्यात दही, कुटलेले शेंगदाणे, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि वरून तेलात मोहरी-जिरं-हिंगाची फोडणी. उपवासाला हिंग-मोहरी वगळून तुपात जिरं. दह्यानं आणि कुटानं प्रथिनं आली, फोडणीनं तेल आलं. पोषणशास्त्राची पुस्तकं हातात नसताना कुणीतरी हे जमवून ठेवलं आणि आपण त्यातलं भाजणं तेवढं सोडून उकडणं धरलं. ज्यांना उकडल्याशिवाय जमतच नाही, त्यांनी पाणी अगदी बेताचं घालावं आणि ते आमटीत नाहीतर कणकेत वापरावं. तेवढ्यानेही बरंच वाचतं.

चुलीवर, तव्यावर, भट्टीत

चूल असेल तर सोपं. किलो-सव्वा किलोचं लहान फळ घ्यावं, धुऊन पुसावं. सुरीच्या टोकाने चार-पाच ठिकाणी खोलवर टोचावं. हे विसरू नये. आत वाफ कोंडली तर फळ फुटतं आणि निखारे अंगावर उडतात. जाळ ओसरल्यावर उरलेल्या निखाऱ्यांत आणि गरम राखेत ते ठेवायचं, दहा-बारा मिनिटांनी फिरवत राहायचं. पाऊण ते एक तासात साल काळी पडते आणि सुरी लोण्यात गेल्यासारखी आत जाते. थंड झाल्यावर चिरायचं, बिया काढायच्या आणि चमच्याने गर खरवडायचा. जळकी काळी साल गरात मिसळू देऊ नये. आणखी एक गोष्ट: चूल पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी किंवा जुनी चप्पल टाकायची सवय काही घरांत आहे. ज्या निखाऱ्यात खायची वस्तू थेट ठेवायची, तिथे ती सवय अजिबात चालणार नाही. रंग दिलेलं लाकूडही नको.

गॅसवर जाड तवा किंवा बिडाची कढई पुरे. सालीसकट बोटभर जाडीच्या खापा करायच्या, दोन्ही बाजूंना तेलाचं बोट फिरवायचं, झाकण ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटं एक बाजू, तेवढीच दुसरी. शेवटी झाकण काढून पाणी आटू द्यायचं. वर मीठ, जिरेपूड, चिमूटभर तिखट. मुलांच्या हातात अशी खाप दिली तर ती कणसासारखी कुरतडत खातात, भाजी म्हणून वाढलेला भोपळा मात्र ताटाच्या कडेला सरकतो. घरात ओव्हन असेल तर फळ उभं अर्धं चिरून, कापलेली बाजू खाली ठेवून २०० अंशांवर पाऊण तास ते तासभर. पण त्यासाठी ओव्हन घ्यायची काही गरज नाही. तव्यावरचा भोपळा कुठेही कमी पडत नाही.

भाजलेला गर उरला तर दुसऱ्या दिवशी सकाळी बाजरीच्या किंवा गव्हाच्या पिठात मळून थालीपीठ. घारग्यांत गूळ आणि तळणं दोन्ही असल्यामुळे ते सणावारालाच बरे.

तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत

सहा महिने पूर्ण झाल्यावर बाळाला वरचं अन्न सुरू होतं, तेव्हा भाजलेला किंवा वाफवलेला भोपळा कुस्करून, अर्धा चमचा तूप घालून देता येतो. मीठ, साखर, गूळ काही नको. भोपळ्याला स्वतःची गोडी आहे. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दोन दिवस बघायचं आणि मग वाढवत न्यायचं. हळूहळू त्यात मऊ भात आणि मुगाची डाळ कालवावी, म्हणजे पोटभरीचं होतं. दात नसलेल्या आजी-आजोबांनाही हा गर चालतो, आणि तंतूंमुळे सकाळचा कोठा साफ व्हायला मदत होते.

काही आया एक गोष्ट बघून घाबरतात. रोज भोपळा, गाजर, पपई खाणाऱ्या बाळाचे तळहात, तळपाय, नाकाचा शेंडा पिवळसर दिसायला लागतात. कावीळ झाली म्हणून झाडपाल्याच्या औषधाकडे धाव घेतली जाते. डोळ्यांचा पांढरा भाग बघा. तो पांढराशुभ्र असेल, लघवी नेहमीसारखी असेल, बाळ खेळतं असेल, तर हा रंग भाजीचा आहे. प्रमाण कमी केलं की काही आठवड्यांत जातो. डोळे पिवळे असतील किंवा लघवी गडद असेल तर ती कावीळ असू शकते. मग थेट दवाखाना.

गरोदर बायांना भोपळा गरम पडतो, म्हणून देऊ नये, असा समज काही घरांत आहे. त्याला आधार नाही. भाजीतल्या कॅरोटीनपासून शरीर गरजेपुरतंच 'अ' जीवनसत्त्व बनवतं, त्यामुळे भोपळा खाऊन ते जास्त होण्याची भीती नसते. धोका आहे तो डॉक्टरांना न विचारता मेडिकलमधून 'अ' जीवनसत्त्वाच्या मोठ्या ताकदीच्या गोळ्या आणून खाण्यात. गरोदरपणात त्या बाळाला अपाय करू शकतात.

गोळी आणि भाजी सारखी नाही, याचा एक मोठा दाखला आहे. फिनलंडमध्ये विडी-सिगारेट ओढणाऱ्या २९ हजारांवर पुरुषांवर एक मोठा अभ्यास झाला. त्यातल्या काहींना रोज बीटा कॅरोटीनची गोळी दिली होती. फुप्फुसाचा कॅन्सर टळेल अशी आशा होती. १९९४ मध्ये निकाल आले तेव्हा गोळी घेणाऱ्यांमध्ये तो कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. त्यामुळे विडी ओढणाऱ्यांनी भोपळा खुशाल खावा, पण बीटा कॅरोटीनच्या बाटल्या घरी आणू नयेत. विडी सोडली तर उत्तमच.

शुगरवाल्यांनी खायचा की नाही?

व्हॉट्सॲपवर यावर दोन्ही टोकांचे निरोप फिरतात. एकात भोपळ्याने शुगर मुळासकट जाते, दुसऱ्यात गोड लागतो म्हणून तो विषासमान. दोन्हींवर विश्वास ठेवू नये.

भोपळ्यातली साखर रक्तात तशी लवकर उतरते, हे खरं. पण मुळात ती आहेच किती? १०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात साधारण २० ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात, तेवढ्याच वजनाच्या कच्च्या भोपळ्यात सहा-सात, भाजून आटलेल्यात दहाच्या आसपास. म्हणजे एक वाटी भाजलेला भोपळा, दही आणि कुटासोबत, मधुमेह असलेल्या माणसाला सहसा चालतो. बटाट्याच्या जागी भोपळा घेतला तर फायदाच. पण भाकरी तेवढीच ठेवून वर दोन वाट्या भोपळा घेतला, तर शुगर वाढणारच. आणि गूळ घातलेली भोपळ्याची खीर, घारगे, हलवा ही भाजी नाही, तो गोड पदार्थ आहे. ज्यांच्या घरी शुगर मोजायचं यंत्र आहे त्यांनी एकदा जेवणाआधी आणि जेवणानंतर दोन तासांनी मोजून बघावं. आपल्या शरीराला काय चालतं ते कुठल्याही निरोपापेक्षा त्यातून जास्त कळेल.

भोपळा सुरू केला म्हणून शुगरची गोळी किंवा इन्सुलिन बंद करणं मात्र जिवावर बेतू शकतं. औषध कमी करायचं असेल तर ते डॉक्टरच ठरवतील.

किडनीचा आजार असलेल्यांचं गणित वेगळं. बाकीच्यांना जे पोटॅशियम चांगलं, ते त्यांच्या शरीरात साठून हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. डायलिसिसवर असलेल्या किंवा पोटॅशियम कमी खायला सांगितलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय भाजलेला भोपळा वाटीभर खाऊ नये. त्यांच्यासाठी उकडून पाणी फेकण्याची तीच पद्धत उलट कामाची ठरते. वर जे सांगितलं त्याला हा एक अपवाद.

कडू लागला तर घास थुंका

भोपळा, दुधी, दोडका, काकडी या वेलवर्गीय कुळात कडवटपणा आणणारं एक विषारी द्रव्य असतं. लागवडीच्या जातींत ते जवळजवळ नाहीसं झालेलं आहे. पण शोभेच्या किंवा रानटी वेलाशी संकर झाला आणि त्या फळाची बी धरली, तर पुढच्या पिढीत कडू फळ निघू शकतं. आपोआप उगवलेल्या वेलाचं फळ म्हणूनच जरा जपून खावं. कडू दुधीचा रस पिऊन देशात माणसं दगावली आहेत, आणि त्यानंतर नेमलेल्या तज्ज्ञ समितीने कडू रस पिऊच नका असं स्पष्ट सांगितलं. भाजून, उकडून, गूळ घालून हे विष जात नाही. चिरल्यावर कच्च्या गराचा छोटा तुकडा जिभेला लावून बघायचा. कडू लागला तर थुंकायचा, चूळ भरायची आणि सगळं फळ फेकायचं. जनावरांनाही घालायचं नाही. त्याची बी तर ठेवायचीच नाही. कडू भाजी खाल्ल्यानंतर उलट्या, पोटात कळा, जुलाब सुरू झाले तर १०८ ला फोन करून दवाखाना गाठावा. विशेषतः उलटीत रक्त दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नये.

निवडायचा कसा, टिकवायचा कसा

बाजारात कापलेली खाप घेताना रंग समोरच दिसतो. जितका गडद केशरी तितका बरा. अख्खं फळ घ्यायचं तर देठ बघा. देठ वाळून खडखडीत झालेला, साल नखानं न ओरखडणारी, आकाराच्या मानानं फळ जड, म्हणजे ते वेलावर पुरतं पिकलं. हिरवट, चकचकीत सालीचं कोवळं फळ स्वस्त मिळालं तरी त्यात रंग कमी असतो आणि ते टिकतही नाही.

शेतकऱ्यांनी तोडताना दोन-तीन बोटं लांब देठ फळाला ठेवावा. देठ मोडला की तिथूनच कुज सुरू होते. तोडल्यावर आठ-दहा दिवस कोरड्या, हवेशीर जागी ठेवून साल कडक होऊ द्यावी. मग माळ्यावर किंवा कोठीच्या कोपऱ्यात, पेंढ्यावर, एकमेकांना न टेकवता. सिमेंटच्या ओल्या फरशीवर नको. अख्खं फळ फ्रीजमध्येही ठेवू नये, फार थंडीने ते आतून खराब होतं. अशा फळांना दोन-तीन महिने काही होत नाही, आणि ठेवल्यावर पहिले काही आठवडे गोडी वाढत जाते, कारण आतल्या पिठूळ भागाची हळूहळू साखर होत असते. आठवड्यातून एकदा हात फिरवून बघावं. कुठे मऊ लागलं तर ते फळ आधी चिरावं. एकदा चिरलं की मात्र बिया आणि जाळी काढून, झाकून, फ्रीजमध्ये तीन-चार दिवस. फ्रीज नसेल तर अख्खा भोपळा घेण्यापेक्षा लहान फळाची जात बरी. बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेची अर्का चंदन ही जात दोन-तीन किलोची फळं देते आणि तिचा गर गडद रंगाचा असतो. नवी लागवड करणाऱ्यांनी कृषी सहायकाकडे तिची चौकशी करायला हरकत नाही.

बिया फेकू नका. भोपळ्याच्या गरात जी प्रथिनं नाहीत ती सगळी बीत जाऊन बसलेली आहेत: सोललेल्या १०० ग्रॅम बियांत सुमारे ३० ग्रॅम प्रथिनं, शिवाय मॅग्नेशियम, जस्त आणि लोहही. तेलही भरपूर, त्यामुळे दिवसाला मूठभरच. शहरात सुक्यामेव्याच्या दुकानात याच बिया महागड्या भावाने विकल्या जातात. घरी त्या धुऊन चिकटपणा काढायचा, दोन-तीन दिवस उन्हात वाळवायच्या, कढईत मंद आचेवर तडतडेपर्यंत परतायच्या आणि बरणीत भरायच्या. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्ख्या बिया देऊ नयेत, घशात अडकतात. त्यांच्यासाठी सोलून शेंगदाण्याच्या कुटासारख्या कुटायच्या आणि त्याच भरतात घालायच्या.